हातचा

नेरूळ. कॉलेजचा तिसरा मजला, पंखा दोनवर.
मूल्यमापनाचा फॉर्म भरतेय.
रकाना चार: शोधनिबंध. एक.
रकाना पाच: इतरांनी केलेले उल्लेख. चार.
त्यातले दोन माझेच.
एक माझ्या विद्यार्थिनीचा, भिडेखातर.
चौथा पेरू देशातल्या कुणाचा,
तो लिहीत होता यकृतावर;
त्याला बहुधा माझ्या आडनावाचं दुसरंच कुणी हवं होतं.
चार म्हणजे चार.
बेरीज कुणाची चौकशी करत नाही.

निबंध लसणाच्या भावावर.
तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट, अकरा महिने,
पहाटे सव्वाचारची रिक्षा,
ओढणीला येणारा तो वास, जो धुऊनही
माझ्याआधी वर्गात शिरायचा.
समीकरणात घेतलं: आवक, डिझेल, गेल्या आठवड्याचा भाव,
सण असला तर एक, नसला तर शून्य.
आणि शेवटी एप्सिलॉन,
जे कुठेच बसलं नाही ते कोंबायची पिशवी.

"इतर परिस्थिती स्थिर आहे असे गृहीत धरू,"
मी हिंदुराव घाडगे मापाड्यांना वाचून दाखवत होते
तेवढ्यात मागून हातगाडी आली, बाजू, ए बाजू,
आणि आम्ही दोघं गृहीतकासकट
भिंतीला चिकटलो.
"कुठं असती ही स्थिर परिस्थिती?" त्यांनी विचारलं.
खरोखरच विचारलं. टोमणा नव्हता.

भाव रुमालाखाली ठरायचा.
अडत्याचा हात, घेणाऱ्याचा हात, वर मळका टॉवेल.
आत बोटं बोटांना धरायची, सोडायची, पुन्हा धरायची,
वर चेहरे मात्र
दाढी करून घ्यायला बसल्यासारखे.
मी वहीत उतरवायची फक्त बाहेर आलेला आकडा.
एका पहाटे रामनरेशने
दोन बोटं सोडून दिली.
आवक वाढली नव्हती, सण नव्हता,
समोरच्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न आदल्या रात्री मोडलं होतं.
आलेखावर तो ठिपका
रेषेपासून लांब, चप्पल हरवल्यासारखा उभा.
परीक्षकांनी लिहिलं: विसंगत नोंद, वगळावी.

वगळली.

मग मॉडेल असं सुरेख बसलं
की मीच त्याच्याकडे बघत राहिले.

चौगुले बाई पाटीवर बेरीज तपासताना म्हणायच्या,
हातचा विसरलीस ना,
की उत्तर चुकतं, आणि दिसतं मात्र अगदी बरोबर.

आता समितीकडे माझं मॉडेल आहे.
उल्लेख गुणिले इतके, नियतकालिकाची श्रेणी गुणिले तितके.
अकरा महिन्यांना भार शून्य.
सूत्रावर माझा राग नाही.
सूत्र नसतं तर या खुर्चीत
मेढेकर सरांचा भाचा बसला असता,
मुलाखतीच्या दिवशी तो त्यांच्याच गाडीतून उतरला होता.
एवढंच, की हिंदुराव गोणी तोलतात
तेव्हा आधी बारदान वजा करतात.
समिती नियतकालिकाचं नाव तोलते
आणि पोत्याचं वजन लसणात धरते.

छापील प्रत घेऊन गेले होते एकदा.
बावीस पानं. इंग्रजीत.
त्यांनी आपलं नाव शोधलं, आभारात सापडलं,
त्यावर अंगठा फिरवला, जरा जोरातच,
शाई उठते का बघावं तसा.
मग शेजारच्या गाळ्यातला नमुन्याचा छोटा काटा ओढला,
प्रत त्यावर ठेवली,
आकडा थरथरून थांबेपर्यंत थांबले.
"एकशे दहा ग्रॅम."
मग कोपऱ्यातली पिन दिसली.
नखाने ती सोडवली, बाजूला ठेवली,
आणि पुन्हा तोललं.